अ‍ॅक्टिव्हावरून बुलेटवर येताना

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

चाळिशीत बुलेट शिकतेयस म्हटल्यावर आत्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी ट्रकची भीती घातली असेलच. भीती खोटी नाही. पण नवशिका पडतो तो बहुधा हायवेवर नव्हे, पार्किंगमधून वळताना, चालण्याच्या वेगात. हँडल वळलेलं असतं, दचकून पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, पुढचे शॉकअप खाली बसतात आणि गाडी त्याच बाजूला आडवी होते. म्हणून वळण घेत हळू चालवताना पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घ्यायची. पायाचा, म्हणजे मागचा, ब्रेक पुरतो. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे. कलायला लागली की पायाने सावरू नकोस, सोडून दे. लेगगार्ड वाकला तर बदलता येतो.

खरं तर आधी महिनाभर कुणाची तरी स्प्लेंडर माग. ११२ किलोवर शिकलेलं बुलेटवर चालतं, उलटं शिकताना गुडघे फुटतात.

तुझी मोठी अडचण अ‍ॅक्टिव्हाच आहे. डावा हात आवळला की स्कूटर थांबते, हे तुझ्या हातात मुरलंय. मोटारसायकलला तिथे क्लच असतो. कुत्रं आडवं आलं की तू आधी डावा हात आवळशील, इंजिन चाकापासून सुटेल आणि गाडी तशीच पुढे घरंगळेल. ही सवय नुसती समजून जात नाही, मोडावी लागते. रिकामं मैदान, दुसरा गिअर, ताशी २५ चा वेग, हँडल सरळ. उजव्या हाताने पुढचा ब्रेक आधी हलका, मग वाढवत दाब, सोबत पायाचा. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतं. नुसता मागचा ठोकलास तर एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं मागचं चाक घसरतं.

क्लचसाठी पहिला गिअर टाक, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नकोस आणि क्लच केसाकेसाने सोड. गाडी पुढे ओढ घेते तिथे हात थांबव, परत दाब. पंचवीस-तीस वेळा झालं की हाफ क्लचवर, म्हणजे ओढ लागते तिथेच क्लच धरून, मागचा ब्रेक किंचित दाबून, मैदानात इंग्रजी आठ काढ. नजर चाकापुढे नको, जिथे जायचंय तिथे. खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यातच जातो.

हेल्मेट फुल फेस, आयएसआय मार्कचं. आपटलेलं परत वापरायचं नाही. बूट घोटा झाकणारे, आणि डाव्या बुटाची लेस आत खोच, गिअरच्या दांड्यात अडकते. ओढणी घरी. गळिताच्या हंगामात रात्री गाडी काढू नकोस: उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. पहिल्या पावसाच्या सरीत तर रस्त्यावरचं ऑईल वर येतं, तेव्हा तासभर थांबलेलं बरं.

तुझं लायसन्स विना गिअरचं आहे, ते बुलेटला चालत नाही. नव्याने लर्निंग काढ, तीस दिवसांनी टेस्ट दे. तोवर गाडीला पुढे आणि मागे ‘एल’ लाव, आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणीही बसायचं नाही. चिनूने कितीही हट्ट केला तरी.

तुझे,
बाबा