गिटार न वाजवणाऱ्या अंकलना

प्रिय अंकल,

तोंडावर आभार मानले की तुम्ही चिडता आणि शिकवण्याच्या फीचा विषय काढला की आंटींना हाक मारून सुकेळी मागवता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. शिवाय माझ्यासारखे आणखीही गिटारवाले असतील, ज्यांच्याकडे बीबॉप या वेगवान जॅझच्या फ्रेजेसनी, म्हणजे सुरावटींच्या तुकड्यांनी, भरलेली वही आहे आणि तरी वाजवायला बसलं की काही सुचत नाही. त्यांच्या कानावर हे जावं.

आपली ओळख झाली ती माझ्या पुतणीच्या वाढदिवसाला. जेवणं झाल्यावर मला गिटार घेऊन बसवलं होतं. एफ सुरातला बारा बारांचा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा मापांचा, ब्लूज लावून मी सुटलो होतो. वहीत तेव्हा 140 लिक्स (तयार छोट्या फ्रेजेस) होते, सगळे टॅबमध्ये, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्या आकड्यांत, उतरवलेले, आणि त्यातले निदान तीस मी त्या संध्याकाळी एकापाठोपाठ एक ओतले असणार. तुम्ही शेजारच्या वाडीतून आला होतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही जवळ येऊन अगदी काळजीने विचारलंत, ‘तू श्वास कधी घेतोस?’ मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. ‘मी असतो तर दुसऱ्या बारमध्येच मेलो असतो.’

तुम्ही हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला कित्येक वर्षं आल्टो सॅक्सोफोन वाजवलाय, हे मला नंतर कळलं. दात गेल्यावर माउथपीस धरता येईना, म्हणून सॅक्स पेटीत आणि पेटी पलंगाखाली. गिटारचं तुम्हाला काहीच कळत नाही, हे तुम्ही पहिल्याच रविवारी सांगून टाकलंत. म्हणजे तुम्हाला वाजवून दाखवता येत नव्हतं आणि बोटं कुठे ठेवायची तेही सांगता येत नव्हतं. तुम्ही फक्त गाऊ शकत होतात, आणि मला ते तारांवर शोधावं लागत होतं. माझं नशीब फळफळलं ते इथे. तुम्ही गिटारवाले असतात, तर मी तुमची बोटं बघत बसलो असतो.

पहिले चार रविवार आपण दोनच सुरांवर काढले. एफ सेव्हन या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीत) ए हा सूर आहे. पाचव्या बारला बी फ्लॅट सेव्हन ही कॉर्ड येते आणि त्या ‘ए’चा ए फ्लॅट होतो. अर्धा सूर खाली, बस. मला ते बालवाडीसारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मिक्सोलिडियन, आल्टर्ड, सगळी स्केल्स पाठ असलेला माणूस मी, आणि हा म्हातारा मला अर्धा सूर खाली उतरायला शिकवतोय! पण पाचव्या आठवड्यात मी कॉर्डचा ट्रॅक बंद करून नुसता एकेरी सुरांत वाजवला आणि आंटी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘आता कॉर्ड बदललेली ऐकू येते.’ मागे कुणीही वाजवत नव्हतं.

मग तुमचा ‘भरतीचा सूर’. एफवरून खाली उतरताना मी एफ, ई फ्लॅट, डी, सी असा जायचो. सूर बरोबर, पण बीटवर, म्हणजे ठोक्यावर, पडायचे ते एफ, डी, बी फ्लॅट, जी, म्हणजे पहिला सोडला तर एकही कॉर्डमधला नाही. तुम्ही एफ आणि ई फ्लॅटच्या मध्ये एक ई घुसवलात. एवढ्यानेच बीटवर एफ, ई फ्लॅट, सी, ए आले आणि कॉर्ड आपोआप उभी राहिली. घरी येऊन मी शोधलं, तर बॅरी हॅरिस (1929–2021) हे पियानोवादक न्यूयॉर्कच्या आपल्या वर्गांत अर्ध्या सुरांचे असेच नियम कित्येक दशकं शिकवत होते: कॉर्डमधल्या सुरावरून निघालात तर एक सूर भरा, बाहेरच्या सुरावरून निघालात तर भरू नका किंवा दोन भरा. हे तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘बरं आहे, त्यालाही कळलं होतं तर.’

पण माझं वाजवणं खरं बदललं ते तुमच्या जिभेमुळे. ‘तुझी जीभ कुठे आहे?’ असं विचारलंत. मी पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, दाखवलं. ‘मग ती प्रत्येक सुराला कशाला लावतोस?’ तुम्ही ओट्यावर पाय आपटत गाऊन दाखवलंत. सॅक्सवाला दोन बीटच्या मधल्या सुराला जीभ लावतो, आणि बीटवरचा सूर त्यातूनच, नुसता फुंकेवर, निसटत येतो. गिटारवर मी ते असं केलं: मधला सूर पिकने, बीटवरचा सूर नुसत्या डाव्या हाताने, तारेवर बोट आपटून (हॅमर-ऑन), ओढून सोडून (पुल-ऑफ) नाहीतर घसरवून (स्लाइड). जोर उलट्या बाजूला गेला. इतकी वर्षं जॅझच्या ज्या झुलत्या लयीला मी ‘स्विंगचा फील’ म्हणून देव्हाऱ्यात बसवलं होतं, त्यातला अर्धा भाग म्हणजे पिक कुठे मारायचं नाही एवढाच होता. मात्र पिकने मारलेला सूर आणि त्यातून निसटणारा सूर एकाच तारेवर हवेत, त्यामुळे माझं सगळं फिंगरिंग मोडलं. वहीतल्या 140 पैकी जेमतेम 12 लिक्स तसे वाजण्याजोगे निघाले. बाकीची वही आता धूळ खातेय.

एकदा मी 1941चं चार्ली क्रिश्चनचं ध्वनिमुद्रण आणलं होतं, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमधलं, एका विद्यार्थ्याने आपल्या छोट्या यंत्रावर करून ठेवलेलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि विचारलंत, ‘हा टेनर कोण?’ गिटार आहे म्हटल्यावर तुम्ही मला परत लावायला सांगितलंत. क्रिश्चनचा कान लेस्टर यंगच्या टेनर सॅक्सवर होता, हे आज जगजाहीर आहे. 1942च्या मार्चमध्ये, पंचविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. बीबॉपवाल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची ‘को-को’ 1945ची, ती क्रिश्चनने ऐकलीच नाही. सॅक्सकडून गिटार शिकणारा मी पहिला नाही, हे त्या दिवशी समजलं आणि थोडा धीर आला.

तुमच्या रेडिओची गोष्ट मी कुणालाही सांगतो. व्हॉइस ऑफ अमेरिकावर 1955पासून विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. थोरल्या भावाच्या रेडिओवर शॉर्टवेव्ह लावून तुम्ही कान देऊन बसायचात. आवाज यायचा, जायचा, खरखरायचा. मागे नेऊन पुन्हा ऐकायची सोय नाही. हाताला लागायचे फार तर दोन बार. तेच दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी काढताना, सायकलवर, शाळेत घोळवायचे. मला मात्र हवा तो सोलो अर्ध्या वेगाने, हव्या तितक्या वेळा ऐकता येतो. तरी तुम्ही मला महिन्याला एकच फ्रेज देता, आणि ती बाराही सुरांत, वरून, खालून, मध्येच तोडून वाजवल्याशिवाय दुसरी देत नाही. ‘दोन बार पुरतात,’ असं म्हणता तेव्हा रागच यायचा. आता कमी येतो.

हो, माझ्या मित्राचं मनावर घेऊ नका. जॅझ म्हणजे शेवटी आपला रागच, असं तो म्हणाला आणि तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. ‘रागात सा जागेवर असतो रे. इथे दर दोन बारांनी जमीन सरकते.’ त्याला ते लागलंय आणि हल्ली तो कॉर्ड मोजत ऐकतो.

मुंबईतल्या जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवण्याच्या बैठकीत, मी हरवलो, त्या रात्री तुम्हाला फोन केला होता. तुम्ही ‘काही हरकत नाही’ वगैरे काही बोलला नाहीत. ‘कितव्या बारला?’ एवढंच विचारलंत. नवव्या, म्हटलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तुम्ही फोनवर नववा, दहावा, अकरावा बार गायलात, तीनदा, मागून आंटी ‘शेजारी झोपलेत’ म्हणत असताना.

गेल्या महिन्यात त्याच ठिकाणी मी दोन कोरस, म्हणजे बारा बारांची दोन आवर्तनं, वाजवले. मध्ये थांबलो. दुसऱ्या कोरसला तर अख्खा एक बार काहीच वाजवलं नाही आणि ड्रमरने वर बघून मान हलवली. ते रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवलं. दोन दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी अकरा सेकंदांचा आवाज आला: माझीच चौथ्या बारमधली फ्रेज तुम्ही गायली होती, फक्त शेवटचा ए फ्लॅट अर्धा बीट आधी, पाचवा बार सुरू होण्याआधीच.

तसा वाजवून पाहिला. तुमचं बरोबर आहे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर येतो. आंटींना सांगा, साखर वाढलीय, सुकेळी एकच.

तुमचा,
दुसऱ्या बारमध्ये श्वास घेणारा