पप्पांना विचारून आत येणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

ख्रिस्ताठायी सलाम.

असं जाहीर लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पप्पांच्या दफनानंतर मी आभार मानू लागले, तेव्हा तुम्ही लूकच्या सतराव्या अध्यायातल्या त्या दासांची आठवण करून दिलीत. सांगितलेलं सगळं केल्यावरही ते एवढंच म्हणतात की आम्ही आमचं कर्तव्य केलं. इतकं बोलून तुम्ही पाहुण्यांचे कप विसळायला मोरीत गेलात. पण मावशी, माझं मन अजून भरून येतं. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पप्पांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनवर उभं आयुष्य काढलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला आणि उजवं अंग व वाचा दोन्ही गेलं. बोलता येत नसलं तरी त्यांना बरंच समजतंय, त्यांच्याशी बोलत राहा, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीची कमिटी भेटायला आली, तेव्हा मी हे दारातच सांगितलं. तरी सगळे खाटेभोवती उभे राहिले आणि त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "यांना काही कळतं का हो?" पप्पा त्याच्याकडेच बघत होते. मग लांबलचक प्रार्थना झाली, ग्रुपवर टाकायला फोटो निघाला, आणि जिना उतरताना थकलेल्या वर्गणीचा विषयही निघाला. ज्या देवळाच्या सतरंज्या पप्पांनी वर्षानुवर्षं झटकून घातल्या, त्या देवळातून पुन्हा कुणी फिरकलं नाही. हे लिहिताना माझा हात थरथरतोय, पण लिहायलाच हवं. दुसऱ्या कुणाच्या घरी तरी असं होऊ नये.

तुम्ही तर आमच्या मंडळीच्याही नाही. कोपरीहून पूल ओलांडून, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून बस धरून किसननगरला यायचात. पहिल्याच दिवशी पप्पांच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबलात आणि म्हणालात, "दादा, मी आत येऊ का?"

मला वाटलं, रीत म्हणून विचारलं असेल. पण तुम्ही खरोखर थांबलात. पप्पांना पापणी मिटून होकार द्यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तुम्ही पिशवी हातात धरून, घाई न करता उभ्या होतात. पुढे रोज तसंच. पाठ पुसण्याआधी विचारायचात, कूस बदलण्याआधी विचारायचात. एका सकाळी त्यांनी पापणी मिटलीच नाही. तुम्ही म्हणालात, "बरं दादा, मी बाहेर बसते," आणि खरंच बाहेर स्टुलावर बसून राहिलात. त्या दिवशी पप्पांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी जुना करारी भाव पाहिला. त्यांचा नकार कुणीतरी ऐकला होता.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता, तेव्हा लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावत होते. प्रभूने मात्र त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुझ्यासाठी मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्याला काय हवंय ते उघड दिसत असताना विचारलं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला तुमच्यामुळे समजली.

दर दोन तासांनी कूस बदलणं, डोकं उंच करून पेज भरवणं, एअर बेडची हवा बघणं हे सगळं तुम्ही आम्हाला शिकवलंत. पप्पांना शेवटपर्यंत एकही बेडसोअर झाला नाही. त्याबद्दल बोलायला लागले तर पत्र संपणार नाही.

तुमची पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली, हे तुम्ही एकदाच, भाजी निवडताना सांगितलंत. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. तुमचं घराणं त्या एका बाईच्या आज्ञापालनातून उभं राहिलंय. देवाने जा म्हटलं आणि ती गेली. तुम्हालाही मी विचारलं होतं, ना नात्याच्या ना गोत्याच्या माणसासाठी इतकं का करता? तुम्ही म्हणालात, "प्रार्थनेत तुमचं घर आलं मनात. मग घरी बसून कसं चालेल?"

पप्पांच्या बायबलात मीखाच्या सहाव्या अध्यायातल्या आठव्या वचनाखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. न्यायाने वागावं, दयेची आवड धरावी, देवाबरोबर नम्रपणे चालावं. पहिल्या दोन गोष्टींवर मी पुष्कळ उपदेश ऐकलेत. तिसरी मी आमच्या घरात चालताना पाहिली, पायात झिजलेल्या चपला आणि हातात गरम पाण्याची बादली घेऊन. नीतिमान माणूस कसा असतो असं आता मला कुणी विचारलं, तर मी वचन शोधत बसणार नाही, तुमच्याबद्दल सांगेन.

सध्या तुम्ही कळव्याला एका आजींकडे जाता, असं कळलं. पप्पांचा एअर बेड धुऊन, पंप तपासून ठेवलाय, त्यांना लागत असेल तर शनिवारी घेऊन येते. कूस बदलायला दोन माणसं लागतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी मोकळी असते. आजींना विचारा, मी आले तर चालेल का.

तुमची,
किसननगरची लेक