शिक्का मारणाऱ्यांनीही उत्तर द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीधरांच्या रोजगारक्षमतेविषयी झालेल्या चर्चेचा वृत्तान्त काल आपल्या दैनिकात वाचला आणि आज कारखान्यात जाण्यापूर्वी हे पत्र लिहायला बसलो आहे. चर्चेत बोललेले बहुतेक जण माझे व्यवसायबंधू आहेत. आजच्या मुलांना पदवी मिळूनही काही येत नाही, त्यांची मेहनतीची तयारी नाही, सगळ्यांना पुण्यालाच जायचे असते, असे त्यांनी सांगितले आणि महाविद्यालयांनी व्यक्तिमत्त्व विकासाचा आणखी एक विषय सुरू करावा अशी मागणी केली. आपल्या प्रतिनिधीने ते जसेच्या तसे छापले. मात्र ओजेटीच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाच्या, कागदांवर शिक्के कोण मारतो, हा प्रश्न त्या सभागृहात कोणी विचारल्याचे दिसले नाही. तो शिक्का मी मारला आहे, म्हणून लिहितो.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा २४ मागांचा टॉवेलचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आमच्या शेजारचा मुलगा एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्राचे ओजेटीचे कागद घेऊन माझ्याकडे आला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार श्रेयांकांसाठी १२० तास प्रत्यक्ष काम करावयाचे असते. त्याने एक तासही केलेले नव्हते. "काका, सगळे असेच करतात, फक्त सही-शिक्का द्या," असे तो म्हणाला. त्याच्या वडिलांशी माझा तीस वर्षांचा घरोबा असल्याने नाही म्हणणे मला जमले नाही. 'हिशेब विभागात १२० तास समाधानकारक काम केले' हे वाक्य कागदावर आधीच छापलेले होते. मी त्याखाली सही केली, शिक्का मारला आणि ती गोष्ट विसरून गेलो.

गेल्या वर्षी जूनमध्ये तोच मुलगा पदव्युत्तर परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन माझ्याकडेच नोकरीसाठी आला. मला हिशेबासाठी माणूस हवाच होता. हैदराबादला निघालेल्या गाठींचे बिल त्याच्यापुढे ठेवून मी त्याला ई-वे बिल तयार करण्यास सांगितले. पन्नास हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठविताना हा कागद नसेल तर गाडी वाटेत अडविली जाते आणि दंड भरावा लागतो, त्यामुळे आमच्याकडे हे रोजचे काम आहे. त्या मुलाला जीएसटीच्या कायद्यातील कलमे सांगता येत होती, पण टॉवेलचा एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, कोठे भरायचा आणि गाडीचा क्रमांक कोणत्या भागात टाकायचा हे त्याने आयुष्यात कधी पाहिलेले नव्हते. पंधरा मिनिटे तो पडद्याकडे पाहत बसला. टेबलावरच्या त्याच्या फाइलमध्ये सर्वांत वर माझ्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र लावलेले होते. ते पाहून मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

मी त्याला ठेवून घेतले आणि आमच्या दिवाणजींच्या शेजारी बसविले. तिसऱ्या आठवड्यात तो ई-वे बिल बिनचूक करू लागला आणि दोन महिन्यांत पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणारा जीएसटीचा दोन-ब तक्ता (जीएसटीआर-२बी) आमच्या खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहू लागला. १२० तास म्हणजे आठ-आठ तासांचे पंधरा दिवस होतात. ते पंधरा दिवस त्याला वेळेवर मिळाले असते, तर त्या दिवशी तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला नसता. मुलांना काही येत नाही असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी आपापल्या कार्यालयातून असे किती कागद शिक्का मारून गेले, ते आधी तपासून पाहावे.

या एप्रिलमध्ये आणखी एक विद्यार्थी आला, तेव्हा मी सही करण्यास नकार दिला. त्याने जानेवारीपासूनची हजेरीची नोंदवही घरूनच भरून आणली होती आणि तीत जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या अक्षता सोहळ्याच्या दिवशीही आठ तासांची हजेरी लावलेली होती. या गड्ड्याच्या यात्रेत त्या दिवशी आमच्याकडे एकही माग चालत नाही, हे सोलापुरात वाढलेल्या मुलाला माहीत नसेल असे मी मानत नाही. कागद भरताना त्याचा विचार करण्याचीही गरज त्याला वाटली नाही, कारण ही नोंदवही कोणी वाचत नाही याची त्याला खात्री होती. तासाभरात त्याच्या प्राध्यापकांचा दूरध्वनी आला. त्या मुलाने काय काम केले, हे त्यांनी विचारले नाही. "सही करून टाका, त्याचे वर्ष वाया जाईल," एवढेच ते म्हणाले. या दोन वर्षांत कोणत्याही महाविद्यालयातील एकही शिक्षक माझ्या कारखान्याच्या दारापर्यंत आलेला नाही.

यंदाच जुळे सोलापूर भागातील एका विद्यार्थिनीने मात्र पूर्ण १२० तास काम केले. चौथ्या दिवशी तिने दिवाणजींना विचारले की, रंगाईला पाठविलेल्या सुताचे चलनावरील, म्हणजे मालासोबतच्या कागदावरील, वजन आणि परत आलेल्या मालाचे वजन जुळत का नाही. कोऱ्या सुतातील मेण आणि मळ धुलाईत निघून जातो व त्यामुळे वजन घटते, हे दिवाणजींनी तिला समजावून सांगितले. त्यानंतर तिने विचारले की, किती घट योग्य धरायची आणि त्याहून अधिक घट आली तर जाब कोणाला विचारायचा. जॉबवर्कसाठी, म्हणजे बाहेरून प्रक्रिया करून घेण्यासाठी, पाठविलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, हा नियम तिने पुस्तकात वाचलेला होता. तेवढ्या आधाराने तिने सर्व प्रलंबित चलनांची यादी केली आणि परतीची नोंदच नसलेली दोन चलने शोधून काढली. माझ्या नजरेतून ती सुटलेली होती.

तिला रोज दोन रिक्षा बदलाव्या लागत. आमच्या वसाहतीकडे वेळेवर सिटी बस मिळेल असे धरून चालता येत नाही आणि संध्याकाळी सहानंतर आतल्या रस्त्यांवर दिवेही धड नसतात. दोन पालकांनी केवळ या कारणासाठी आपल्या मुलींना माझ्याकडे पाठविण्यास नकार दिला. मुली कारखान्यात यायला तयार नसतात, हे कालच्या चर्चेतील विधान वाचून मला संताप आला, कारण ज्या रस्त्याविषयी ते बोलले गेले त्यावरून बोलणारे रोज स्वतःच्या गाडीने येतात.

१८७७ साली 'जुनी गिरणी' ही कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून हे शहर कामावर उभे राहून काम शिकत आले आहे. माझे वडील गिरणीत बदली कामगार म्हणून दारात उभे राहत आणि जॉबरच्या, म्हणजे खात्यातील मुकादमाच्या, हाताखाली माग शिकले. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे, ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि पदवीधर उमेदवाराच्या विद्यावेतनातील काही भार केंद्र सरकार उचलते. ही व्यवस्था आपल्यापैकी कितींनी वापरली, हे कालच्या व्यासपीठावर कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात एकच जिल्हा आहे, त्यामुळे शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामाच्या ठिकाणी निदान एकदा जाणे अशक्य नाही. ती भेट झाल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत आणि प्रमाणपत्रावर छापील वाक्याऐवजी विद्यार्थ्याने काय काम केले ते आस्थापनेने स्वतःच्या शब्दांत लिहावे, एवढा बदल विद्यापीठाने येत्या सत्रापूर्वी करावा.

येत्या जानेवारीपासून मी दोन विद्यार्थ्यांना घेण्यास तयार आहे. रोजचा प्रवासखर्च मी देईन आणि संध्याकाळी साडेपाचला सोडीन. १२० तास पूर्ण झाले तरच सही होईल, आणि त्यापूर्वी त्यांच्या शिक्षकांनी एक दिवस येऊन दिवाणजींशी बोलावे अशी माझी अट आहे. माझा पत्ता व दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला नम्र,
एक टॉवेल उत्पादक
अक्कलकोट रस्ता, सोलापूर