मासेरूला जाण्याआधी

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

दिवाळीत हा विषय मुद्दामच काढला नाही. अक्का आलेली, दादाचाही फोन आलेला, आणि बाबांचं ते सगळं झाल्यापासून पहिल्यांदाच घरात जरा हसणं-खिदळणं चाललं होतं. फोनवर सांगितलं असतं तर आईने अर्ध्यातच फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी ‘बघू’ म्हणून ठेवला असता. बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही. करारावर सही झाली, तिकीट आलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन वर्षांसाठी मासेरूला चालले आहे.

मासेरू ही आफ्रिकेतल्या लेसोथोची राजधानी. बाबा, २०२५च्या एप्रिलमध्ये पेपरचं कात्रण तुम्हीच पाठवलं होतं मला. अमेरिकेने या एवढ्याशा देशावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, तेव्हा ‘यांनी कुणाचं काय घोडं मारलं?’ असं खाली लिहिलं होतंत. ऑगस्टमध्ये त्यांचं शुल्क १५ टक्क्यांवर आलं आणि ५० टक्के आपल्याच मालावर बसलं. तेव्हापासून आमच्याकडे ऑर्डरींचं काय चाललंय ते तुम्हांला सांगायला नको. मासेरूत जीन्स शिवणारे मोठे कारखाने आहेत, त्यांतल्या एकाला क्वालिटीचं खातं सांभाळणारं माणूस हवं होतं. तिथेही धोका आहेच, १५ टक्के म्हणजे काही शून्य नव्हे. पण इथे बसून पुढच्या महिन्याच्या पगाराची वाट बघण्यापेक्षा हे बरं. पगार चांगला आहे. कर्जासाठी जातेय असं मात्र मनात आणू नका. म्हणजे ते फिटेलच, फिटायलाच हवं, पण माग विकले तेव्हा मी काही बोलले नव्हते, तसंच तुम्हीही आता त्याचा हिशोब काढू नका.

नकाशात बघाल तर लेसोथो सगळ्या बाजूंनी दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. म्हणून आधीच सांगते, हा वेगळा देश आहे. तिथे राजा आहे, पण कारभार निवडून आलेलं सरकार बघतं. १९६६ मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला, म्हणजे आईच्याच वयाचा. आकाराने महाराष्ट्राचा जेमतेम दहावा भाग. जोहान्सबर्गच्या ज्या बातम्या तुम्ही बघता, त्या गावात मी विमानतळाबाहेर पाऊलही टाकणार नाही. मुंबई, आदिस अबाबा, जोहान्सबर्ग, आणि तिथून तासाभराचं छोटं विमान. उतरल्यावर कंपनीची गाडी न्यायला येणार. राहायला कंपनीचंच क्वार्टर, फाटकावर राखणदार. अंधार पडल्यावर पायी हिंडायचं नाही, एवढं पथ्य तिथे सगळेच पाळतात, मीही पाळेन.

आई, मलेरियाची काळजी सोड, तो तिथे नाहीच. मासेरू सुमारे १,६०० मीटरवर आहे, जवळजवळ आपल्या कळसूबाईइतकं. त्या देशातली सगळ्यांत खालची जागासुद्धा महाबळेश्वरपेक्षा उंच! हवा कोरडी, आणि ऋतू उलटे. मी उतरेन तेव्हा तिथे उन्हाळा आणि पाऊस असेल, खरी थंडी जून-जुलैत, वर डोंगरात बर्फही पडतो. तेव्हा स्वेटर आत्ताच विणायला घेऊ नकोस, डोळ्यांवर ताण येतो. घेतलासच तर निळा घे, तो मागचा तपकिरी नको.

खाण्याचं म्हणशील तर मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं ‘पापा’ आणि सोबत चिरून परतलेली पालेभाजी, हे त्यांचं रोजचं जेवण. ज्वारी पिकते. ज्वारीचं पीठ आंबवून ‘मोतोहो’ करतात, ते वाचून मला उन्हाळ्यात तू माठाशेजारी झाकून ठेवायचीस ती आंबील आठवली. तिथे आधीपासून असलेली तिरुप्पूरची एक बाई म्हणाली, डाळ-तांदूळ मिळतात. कांदा-लसूण चटणी कुठेच मिळणार नाही, ती तुझ्याकडून. दोन किलोच दे. पाच किलोंची पिशवी तू भरून ठेवशील हे मला माहीत आहे, पण वजन होतं.

तिथल्या घोंगड्यांची गोष्ट खास बाबांसाठी. लोक भारी लोकरीची घोंगडी खांद्यावरून पांघरतात, पुढे पिनेने अडकवतात. लग्नकार्यालाही तीच, डोंगरात घोड्यावरून जातानाही तीच. त्यांवर बारीक रेघा असतात. असं सांगतात की इंग्लंडहून आलेल्या मालात ती मुळात विणकामातली चूक होती. यांना ती आवडली आणि मग मुद्दाम तशीच विणून मागवू लागले. पांघरताना रेघ उभीच राहिली पाहिजे, आडवी नाही, कारण उभी रेघ म्हणजे वाढ. आणि आपल्याकडे एक पट्टा पडला की व्यापारी आख्खा ताका परत धाडायचा! तुम्ही कंदिलाच्या उजेडात ती तार शोधत बसायचात, मी तुमच्या मांडीवर झोपलेली असायचे. सगळे माग चालू असताना मला गाढ झोप लागायची आणि एखादा बंद पडला की मी उठून बसायचे, हे आठवतं का? पहिल्या पगारात एक घोंगडं घेईन. विणकर कसा आहे ते तुम्ही बघा.

आणि बाबा, मासेरूपासून जवळच थाबा बोसिऊ नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. १८२४ मध्ये त्यांचा मोशोएशो राजा आपली माणसं घेऊन तिथे गेला आणि कितीही हल्ले झाले तरी तो डोंगर कुणाला घेता आला नाही. फोटो पाठवेन, त्यावर तुमची किल्ल्यांची पुस्तकं काढून बसा.

तुमच्या मागांवर गुलबर्ग्याची, बिहारची पोरं होती. त्यांच्याही आईबापांना इचलकरंजी आफ्रिकाच वाटली असेल. तुम्ही त्यांना सांभाळलंत ना? मलाही कुणीतरी सांभाळेल. आजारी पडले तर मासेरूत दवाखाने आहेत, फारच काही झालं तर दक्षिण आफ्रिकेतलं ब्लोमफाँटेन शहर १४० किलोमीटरवर आहे. काही होणार नाही.

आता ऐका. बाबांची रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, पोट साफ झालं नाही म्हणूनसुद्धा नाही. फेब्रुवारीत कोल्हापूरची तपासणी आहे, दादा येऊन नेईल, त्याच्याशी बोलून ठेवलंय. त्या दिवशी गाडीत जुना विषय काढायचा नाही, दोघांनीही. खारातली मिरची बंद म्हणजे बंद. आई, माळ्यावर तू चढायचं नाहीस, शेजारच्या पोराला हाक मार. फोनवर कुणी बँकेतून बोलतोय म्हणाला की ठेवून द्यायचा. सांगलीकरांना नम्रपणे नाही कळवा. तेही दोन वर्षं थांबणार नाहीत आणि मलाही त्यांनी थांबावं असं वाटत नाही, हे आईला आता तरी पटावं.

घड्याळ साडेतीन तास मागे आहे. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे माझे संध्याकाळचे सहा, तेव्हा मी रोज फोन करेन. नाही आला तर काम लांबलं असेल, लगेच अक्काला फोन लावून तिचंही जेवण मोडू नका.

३ तारखेला घरी येते, आठवडाभर आहे. रडायचं असेल ते तेव्हा तिघं मिळून रडू, स्टँडवर नको.

तुमची,
छबी

ता. क. बाबा, हे वाचून झालं की लगेच फोन करू नका. आधी जेवा, गोळी घ्या, मग करा. रागवायचं असेल तरी चालेल, मी उचलेन.