फाशीची घाई नको

‘खटला लवकर संपवा आणि फाशी द्या’ अशी मागणी करणारे पत्र या सदरात वाचले. पीडित कुटुंबाचा संताप मला समजतो. पण या मागणीशी मी सहमत नाही.

कारण आपल्या नागपूर शहरातच आहे. १९९४ मध्ये पुण्यात झालेल्या सात जणांच्या हत्येसाठी फाशी सुनावलेला एक कैदी मार्च २०२३ मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहातून सुटला. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षे होते, हे शाळेच्या दाखल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तोवर त्याची २८ वर्षे गजाआड गेली होती. बारा वर्षांच्या मुलाला आपण फासावर चढवणार होतो! हा दाखला सापडेपर्यंत तो जिवंत राहिला, तो केवळ प्रक्रिया लांबल्यामुळे.

दुसरे प्रकरण नाशिकचे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या सहा जणांना फाशीच योग्य ठरवली, त्या भटक्या समाजातील गरीब माणसांना त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती घ्यायला ते हयात होते.

क्रूर गुन्हेगाराला मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची तरतूद कायद्यात आहेच, आणि ती कठोरपणे वापरली जावी. पुढे नवा पुरावा समोर आला, तर तुरुंगाचे दार उघडता येते.

– एक वाचक, धंतोली, नागपूर