जुन्या वास्तूंच्या नोंदी : आठवण

सर्व सभासदांना कळविण्यात येते की उपनगरातल्या जुन्या गावठाणातील वास्तूंच्या नोंदी येत्या रविवारपर्यंत द्यायच्या आहेत.

दारावरच्या पाटीवरचं साल डोळे झाकून उतरवू नका. पाटी बरेचदा दुरुस्तीनंतर बसवलेली असते. त्यापेक्षा भिंतीचे सांधे बघा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं, त्यामुळे त्याआधीच्या भिंतीत राखाडी सिमेंट दिसलं तर ती नंतरची डागडुजी समजा. जुना चुना पांढुरका आणि मऊ असतो. (नखाने खरवडून बघू नका, मागे एकांनी तेच केलं!)

फोटोच्या पाठीवर ठिकाण, दिशा, तारीख शिसपेन्सिलीनेच हलक्या हाताने लिहा; बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. पाडलेल्या इमारतींच्या आठवणीही चालतील, फक्त सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय लिहा.