डाव्या कडेने जाऊन बघा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त आपण परवाच्या अंकात छापलेले पान मी दोनदा वाचले. पहिल्यांदा सकाळच्या चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा सौभाग्यवतींना मोठ्याने, कारण मी सांगतो आहे ते खरेच तसे छापले आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. पादचाऱ्यांनी पदपथाचाच वापर करावा, अंधार पडल्यावर फिकट रंगाचे कपडे घालावेत, रस्ता ओलांडताना मोबाइल पाहू नये, सायकलस्वारांनी मागे लाल रिफ्लेक्टर लावावा आणि रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने जावे. सूचना हिताच्याच आहेत, त्याबद्दल आभार. मात्र त्या अख्ख्या पानात मोटार चालवणाऱ्यासाठी एकच ओळ आहे आणि ती सीटबेल्टची, म्हणजे तिथेही काळजी त्याच्याच जिवाची घेतलेली आहे.

त्या ‘अगदी डाव्या कडेने’ या तीन शब्दांबद्दलच मला लिहायचे आहे. मी गेली ५० वर्षे कोल्हापुरात सायकल चालवतो. त्यातली ३१ वर्षे राजारामपुरीतून उद्यमनगरात कामावर जाण्या-येण्यात गेली. सायकलला दिवा नसला किंवा मागे डबलसीट कोणी असला की चाकाची हवा सोडणारे पोलीस आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे शिस्त आमच्या पिढीला नवी नाही. डावी कडा मी आयुष्यभर धरली आणि हात मोडला तोही ती धरल्यामुळेच.

गेल्या श्रावणातली गोष्ट. गिरणीतून शाळूचे दळण आणताना डबा नेहमीप्रमाणे कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून मी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याने जनता बझार चौकाकडे निघालो होतो. डावीकडे मोटारींची रांग उभी होती आणि मी तिच्या कडेकडेने, अगदी आपल्या सूचनेबरहुकूम चाललो होतो. एका पांढऱ्या गाडीचे चालकाच्या बाजूचे दार उघडले. ते उघडताना मला दिसलेच नाही. दिसले ते थेट पूर्ण उघडलेले. हँडल दाराच्या कडेला अडकले आणि मी उजवीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्यावर जाऊन पडलो. मागून येणाऱ्या केएमटी बसच्या चालकाने दाबलेल्या ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. त्याने तो वेळेवर दाबला म्हणून हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे. डब्याचे झाकण उडाले होते. निम्मे पीठ डांबरावर आणि निम्मे माझ्या अंगावर, अशी वाटणी झाली होती.

गाडीतले गृहस्थ खाली उतरले. त्यांनी आधी दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, मग खाली वाकून रंग कुठे उडाला आहे का ते पाहिले आणि त्यानंतर माझ्याकडे वळून म्हणाले, “ओ आजोबा, बघून चालवा की जरा. दार उघडतंय, दिसत न्हाई होय?” (मी ६६ वर्षांचा आहे. आजोबा असलो तरी घरच्यांचा आहे.) फुले विकायला बसलेल्या एका मावशींनी मला हाताला धरून उठवले तेव्हा कळले की डाव्या मनगटात कळ येते आहे. तोवर गृहस्थ निघूनही गेले. गाडीचा नंबर का घेतला नाही, असे नंतर अनेकांनी विचारले. चष्म्याच्या दोन्ही काचांवर पीठ बसले होते, एवढेच त्याचे कारण. सहा आठवडे प्लास्टर होते.

नोकरीत माझा जन्म तपासणी विभागात गेल्यामुळे मापे घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्लास्टर निघाल्यावर शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या गाडीचे दार पूर्ण उघडून टेप लावली. दार गाडीच्या अंगापासून पावणेतीन फूट बाहेर येते. माझ्यासारखा माणूस ताशी १४ किलोमीटरने सायकल मारतो असे धरले, तर एका सेकंदात तो जवळपास चार मीटर पुढे जातो. दोन मीटरवर दार उघडले की हातात अर्धा सेकंद उरतो. अर्ध्या सेकंदात ब्रेक दाबून होत नाही, ‘आई गं’ मात्र म्हणून होते.

आता आपणच सांगावे, जिथे कडेला गाड्या लावलेल्या आहेत तिथे ‘अगदी डाव्या कडेने’ म्हणजे नेमके कुठून जायचे? त्या पावणेतीन फुटांतूनच. सायकलस्वाराने गाड्यांच्या रांगेपासून तीन-चार फूट अंतर राखून चालणे हेच त्यातल्या त्यात सुरक्षित आहे, पण तसे चालले की मागून हॉर्न सुरू होतो आणि “म्हातारं मधनंच चाललंय” हेही ऐकावे लागते. पादचाऱ्यांचीही तीच गत आहे. पदपथावर चढायला जागा असेल तर दुचाकी लावलेली असते, दुचाकी नसेल तर दुकानाची पायरी आलेली असते, मग माणूस खाली उतरून त्याच दारांच्या पट्ट्यातून चालतो आणि वर त्याने पदपथाचाच वापर करावा हे आपण त्याला सांगता. पदपथ वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले. तो हक्क आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दोन स्कूटर आणि एका बुलेटच्या खाली आहे.

यावर काही महागडा उपाय मी सुचवत नाही. सायकलींचे वेगळे मार्ग, उड्डाणपूल वगैरे होतील तेव्हा होतील. नेदरलँड्समध्ये गाडीचे दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडण्याची पद्धत आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये ती आपल्या रस्त्यांच्या नियमपुस्तिकेत घातली. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने उजवे दार डाव्या हाताने उघडायचे. डावा हात उजव्या दाराच्या खिट्टीपर्यंत न्यायचा म्हटले की छाती आपोआप दाराकडे वळते, मान मागे फिरते आणि आरशात व खांद्यावरून मागचा रस्ता दिसतो. शिवाय दार एका झटक्यात पूर्ण उघडत नाही. मागच्या सीटवरच्यांनी शक्यतो डाव्या बाजूने उतरावे आणि तेही उजव्या हाताने दार उघडून. यासाठी निविदा लागत नाही, खोदाई लागत नाही. मी हे आमच्या गल्लीतल्या तिघांना करून दाखवले. दोघे हसले, पण एकजण रोज करतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशातील रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दिवसाला सरासरी ९० जण. ते सगळेच गडद कपडे घालून मोबाइलमध्ये पाहत चालले होते, असे आपल्या पानावरून वाटावे, याचे वाईट वाटते. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर नव्या मोटारीची पानभर रंगीत जाहिरात आहे, तिच्या शेजारी दार उघडण्याविषयी चार ओळी बसल्या नसत्या असे नाही. असो, जाहिरातीवर वृत्तपत्र चालते हे मलाही कळते.

जाता जाता एक. हात प्लास्टरमध्ये असताना मी याच विषयावर आपल्याला पत्र पाठवले होते. ते आपण छापलेत, पण दीड पानाच्या सात ओळी केल्यात आणि त्यावर ‘सायकलस्वारांनो, शिस्त पाळा’ असे शीर्षक दिलेत. दोन दिवस लोक मला रस्त्यात थांबवून “बरोबर लिहिलंत” म्हणत होते आणि त्यातले बहुतेक मोटारीत बसलेले होते. या वेळीही जागेअभावी पत्र कापावे लागले तर आकडे खुशाल कापा, पीठ सांडल्याचेही कापा, पण दार कोणत्या हाताने उघडायचे ते वाक्य तेवढे ठेवा. आणि ‘डाव्या’च्या जागी ‘उजव्या’ छापले जाणार नाही, हे कृपया एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या.

आपला,
एक जुना वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर